बासी रांगोळी

आपलं काम इतक्या निर्दयपणे पुसून टाकणारा माणूस मी ठिपकेकाकांशिवाय दुसरा पाहिला नाही. शिंदे की छावनी या हिंदी मुलखातल्या मोहल्ल्यात आमच्या शेजारीच त्यांचं दार. रोज सकाळी ओट्यावर नवी रांगोळी, आणि त्याआधी कालचीवर झाडू. गल्लीतल्या बायका हळहळायच्या. काका म्हणायचे, "बासी रांगोळी दारात ठेवत नाहीत, वहिनी. कालची राहिली तर आजचीला जागा कुठली?"

पुरुषमाणूस रांगोळी काढतो म्हणून चेष्टा व्हायचीच. लग्न केलं असतंत तर हे काम बायकोने केलं असतं, असं कुणी म्हणालं की ते हसत. "मग रेघ तिची झाली असती."

त्यांच्या ओट्यावर मी ठिपके जोडायला शिकले आणि पुढे पोटासाठी कॉम्प्युटरवरच्या खेळांतली गावं, अंगणं उभी करू लागले. आईला हे काम कधी कळलं नाही. काका मात्र येऊन विचारायचे, "आज किसका घर बनाया?"

मग त्यांचा हात कापू लागला. चिमटीतली रांगोळी भलतीकडेच सांडायची. एका सकाळी ओटा कोराच दिसला. मी त्यांच्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक अंगण तयार केलं, ते भोवती खऱ्यासारखं दाखवणारा अवजड चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, रेघ ओढायला हातात कांडी दिली. पहिलीच रेघ सुतासारखी सरळ आली. मला वाटलं, काका खूश होतील.

"ही सीधी कोण करतंय?"

"सॉफ्टवेअर, काका. हात हलला तरी रेघ हलत नाही."

"बंद कर, बेटा. ये मेरी नहीं है."

मी ती सोय बंद केली. तेव्हापासून काकांची थरथरती रेघ रोज त्या अंगणात उमटू लागली.

दुसरी तक्रार पुसण्याची. तिथे झाडू फिरवला की सगळं साफ. "ओट्याच्या फरशीत गुलाबी रंग एक-दोन दिवस राहतो की गं," काका म्हणाले. "इथे तर जसं काही मी आलोच नव्हतो." मग पुसल्यावर फिकट गुलाबी छटा उरेल आणि दोन दिवसांत विरून जाईल, अशी व्यवस्था मी केली. काकांनी झाडू फिरवून पाहिला. "अब ठीक."

गेल्या थंडीत त्यांनी सकाळी तिथे एक कमळ काढलं आणि दुपारी ते गेले.

सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत, त्यामुळे ओटा कोरा राहिला. त्या दुसऱ्या अंगणात मात्र कमळ ताजंच होतं. तिथे ना वारा, ना मुंग्या. मी रोज जाऊन बघायचे आणि रडायचे. चष्म्याच्या आत डोळे पुसता येत नाहीत. बासी रांगोळी ठेवायची नाही हे कळत होतं, पण झाडू उचलवत नव्हता. एकदा पुसलं की काकांच्या हातचं जगात काही उरणार नव्हतं.

तेरावं झालं. इंदूरहून आलेल्या त्यांच्या बहिणीने ओटा धुऊन मला हाक मारली. "दार अगदी सुनं दिसतंय गं. तूच काढ." मी काढली. घरी आले, चष्मा चढवला आणि कमळावर झाडू फिरवला.

गुलाबी छटा राहिली. ती कायमची ठेवणं माझ्याच हातात होतं, फक्त एक आकडा बदलायचा होता. मी बदलला नाही. दोन दिवस ती विरत गेलेली पाहिली आणि मग तिथेच ठिपके मांडले. माझा हात कापत होता. रेघ सरळ करायची सोय बंदच होती.