पुंडलिक मेस्त्रीने राखलेली जागा

वाळवंटात कॅरव्हॅनसोबत पाच महिने एकटं राहायला कोण तयार आहे, असं फोरमनने विचारलं तेव्हा पुंडलिक मेस्त्री लघवीला गेला होता. परत आला तेव्हा त्याची नेमणूक झालेली होती.

ही गोष्ट १९९३ सालची. पुंडलिक मालवणकडचा सुतार. युद्धानंतर कुवेतमध्ये जी बांधकामं निघाली, त्यांच्यावर तो आला आणि शुऐबाच्या एका काँट्रॅक्ट कंपनीत लागला. कंपनीचा मालक बू-नासेर याने त्या वर्षी चाकांवरची एक लांबलचक पांढरी खोली विकत घेतली होती. आतले पलंग पुंडलिकने ठोकलेले. त्यामुळे पलंगांसोबत सुतारही जाईल, हे फोरमनला ओघाने आलंच.

नोव्हेंबर ते मार्च कुवेती कुटुंबं वाळवंटात मुक्कामाला जातात. त्याला ते ‘बर’ म्हणतात. शहरात ज्यांच्या न्हाणीघरालाही संगमरवर आहे, ती माणसं वाळूत तंबू ठोकून आनंदाने कुडकुडतात. हे ठकूबाईला, म्हणजे बायकोला, समजावण्यात पुंडलिकची तीन पत्रं फुकट गेली. चौथ्याच्या उत्तरात तिने एवढंच विचारलं, “त्यांका घर नाय काय?”

मीना अब्दुल्लाहून आत, वफ्राच्या रस्त्यावरून फुटणाऱ्या चाकोरीने तासभर गेलं की ती जागा यायची. चाकोरी सोडायची नाही, हे पुंडलिक सगळ्यात आधी शिकला. बाहेर कुठे युद्धातला सुरुंग राहिला असेल याची खात्री कोणीच देत नव्हतं. जागा म्हणजे वाळूचा एक उंचवटा आणि चार खुरटी झुडपं. तसे उंचवटे नजर जाईल तिथवर होते. पण बू-नासेरच्या म्हाताऱ्या आईला हाच हवा असे, कारण तिच्या लहानपणी तिच्या बापाचे तंबू इथेच पडायचे. म्हणून दर वर्षी ऑक्टोबर संपायच्या आत ट्रक कॅरव्हॅन ओढत आणून इथे उभी करी आणि पुंडलिकला तिच्याजवळ सोडून जाई. काम एकच. दुसरं कोणी येऊन बसायच्या आत आपण बसायचं आणि उठायचं नाही.

बुधवारी संध्याकाळी जीएमसी गाड्या भरून कुटुंब यायचं, शुक्रवारी परतायचं. ते दोन दिवस पुंडलिक मागच्या छोट्या तंबूत नोकर, उरलेले पाच दिवस कॅरव्हॅनमध्ये मालक. जनरेटर चालवायचा, शोषखड्ड्यावर फळ्या टाकायच्या, वाऱ्याने सैल झालेले दोर ताणायचे. इतर कामगारांना वाटे, हा माणूस एकटेपणाने वेडा होईल. पुंडलिक मजेत होता. मुळात कोकणातल्या माणसाला जागा राखायला बसवणं म्हणजे बदकाला पोहायची मजुरी देण्यासारखं आहे.

कारण हद्द हा पुंडलिकच्या घराण्याचा पिढीजात आजार. त्याचे आजोबा आणि चुलत-चुलत भाऊ बाळा याचे आजोबा हे सख्खे भाऊ. ते आयुष्यभर सात हात रुंदीच्या एका पट्ट्यावरून भांडले आणि दहा दिवसांच्या अंतराने वारले. बापांनी तेच भांडण चालवलं, एकमेकांच्या सुतकातही खंड पडू दिला नाही. आता पुंडलिक आणि बाळा. पट्ट्यात पिकायचं काहीच नाही. पण पट्ट्यामागे पुंडलिकची जमीन होती आणि तिथे त्याला जांभ्या चिऱ्यांचं घर बांधायचं होतं. माणसाला जायला दुसरीकडून पायवाट होती. चिऱ्यांच्या ट्रकला हा पट्टा सोडून वाट नव्हती, आणि बाळा तिथून ट्रक जाऊ देत नव्हता. पट्टा गेला तर ट्रक नाही, ट्रक नाही तर घर नाही. जुनं घर वाटणीत बाळाकडे गेलेलं, आणि ठकूबाई त्याच घराच्या मागल्या पडवीत एका गायीसोबत दिवस काढत होती. कुवेतला यायचं कारण ते घर होतं, आणि त्याचा चौथरा अजून पुंडलिकच्या डोक्यातच होता.

आठवा हिवाळा, २००१ चा जानेवारी. ईद झाली आणि शेजारच्या मुक्कामवाल्यांनी आपल्या तंबूंभोवती वाळूचा बांध घालायला शॉवेल मागवला. शॉवेल, म्हणजे ते माती ढकलायचं धूड, बांध घालता घालता उंचवट्याच्या दिशेने सरकू लागलं. पुंडलिकने कॅरव्हॅनमधली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पावलं मोजली आणि बरोबर यंत्रासमोर खुर्ची टाकून बसला.

“हटो भाई!” वरून पठाण ड्रायव्हर ओरडला.

“इधर हद है,” पुंडलिक शांतपणे म्हणाला.

“कैसा हद? सब रेत है.”

“रेत का भी हद होता है. आप चाय लेंगे?”

पठाणाने चहा घेतला. दुसराही घेतला. तोवर पुंडलिकने त्याला दोरी धरायला लावून जागा मापली आणि यंत्र वीस पावलं आत आलंय हे त्याच्याच तोंडून कबूल करून घेतलं. संध्याकाळी शेजारचा मालक स्वतः आला, पोट धरून हसला आणि बांध मागे घेऊन गेला. पुढच्या गुरुवारी बू-नासेरने सगळ्या पाहुण्यांसमोर पुंडलिकच्या पाठीवर थाप मारून “कफू!” म्हटलं. म्हणजे शाब्बास, मर्द आहेस. तीन पिढ्यांत घराण्यातला पहिला विजय, आणि तो झाला असल्या जागेवर, जिचा सातबारा देवाकडेही नसेल.

शनिवारी अशरफ पाण्याचा टँकर घेऊन आला. हा राजापूरकडचा, अहमदीहून मुक्कामामुक्कामाला पाणी पोचवायचा आणि जाताजाता टपालही. त्याने ठकूबाईचं पत्र दिलं. सातवी शिकलेली ठकूबाई पत्रात शब्द वाया घालवत नसे.

“बाळान पट्ट्यात पाथर हाडून टाकल्यान. गडगो घालूक सुरवात केल्यान. काय करूचा ता कळवा. गाय बरी आसा.”

पुंडलिकने पत्र दोनदा वाचलं. गडगा म्हणजे दगडांची भिंत. ती पुरी झाली की वाट कायमची बंद. तो तसाच टँकरमध्ये चढला.

“जागा?” अशरफने विचारलं. “मेस्त्री, जागा कोण बघणार?”

आठ वर्षांत पहिल्यांदा पुंडलिक जागा उघडी टाकून गेला. अहमदीतल्या फोनबूथवरून त्याने गावच्या दुकानात फोन लावला, ठकूबाईला बोलवायला सांगितलं आणि पंधरा मिनिटांनी परत लावला. कार्डावर थोडाच वेळ उरला होता.

“आयक,” तो म्हणाला, “भांडा नको. खुर्ची घी आणि गडग्याच्या वाटेत जावन बस. उठा नको. चाय दी त्यांका.”

“बाळाक चाय?”

“बाळाक दी, गड्यांका दी. मगे दोरी घी आणि...”

“आणि गायीचा कोण करतला?”

“गाय थयसरच बांध! तू फकत बस. मी येयसर बस.”

“कदी येतालात?”

कार्ड संपलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते पुंडलिकला त्या बूथमध्ये कळलं.

त्याने बू-नासेरकडे रजा मागितली. मालक माणूस वाईट नव्हता. “बादेन,” म्हणाला, म्हणजे नंतर. “मार्च. आत्ता तू गेलास तर जागा कोण धरणार? तुझ्यासारखा आहे का दुसरा?” कौतुक इतकं महागात पडलेला माणूस पुंडलिकने तरी दुसरा पाहिला नव्हता.

मग तीन आठवडे काहीच नाही. दुकानाचा फोन लागेना, पत्र येईना. पुंडलिकचं जेवणावरचं मन उडालं. रोज सकाळी तो दोर ताणी आणि त्या वेळी डोळ्यांसमोर बाळाचा गडगा एकेक थर वर चढताना बघे. आपल्या हाताने आपण कोणाच्या तरी आजोबांची जागा राखतोय आणि आपल्या आजोबांची चालली, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटू लागली. ती त्याने कोणाला सांगितली नाही. सांगायला पाच दिवस कोणी नसेच.

बू-नासेरच्या म्हाताऱ्या आईच्या मात्र लक्षात आलं. एका गुरुवारी तिने त्याला तंबूपुढे बोलावलं आणि हाताने विचारलं, खात का नाहीस? पुंडलिकच्या मोडक्या अरबीत पट्ट्याचा तीन पिढ्यांचा इतिहास बसण्यासारखा नव्हता. त्याने काठी घेऊन वाळूत काढून दाखवलं. हे घर, ही वाट, हा ट्रक, हा भाऊ, ही भिंत. इतर देशांतल्या माणसांना हे समजवायला वेळ लागला असता. म्हातारी ज्या लोकांत वाढली ते एका विहिरीवरून चाळीस वर्षं भांडलेले होते. तिने मुलाला हाक मारली आणि त्याला उभ्या उभ्या झापलं.

“पण जागा कोण राखणार?” बू-नासेर म्हणाला.

“मी,” म्हातारी म्हणाली.

पन्नास माणसांच्या कंपनीच्या मालकाने पुंडलिकचं तिकीट काढलं. सोमवारी पुंडलिक विमानात बसला तेव्हा म्हातारी कॅरव्हॅनच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. घरच्यांना काळजी वाटत होती, ती म्हाताऱ्या बाईची. शेजाऱ्यांना वाटत होती, ती स्वतःची.

पुंडलिकच्या बॅगेत तीस मीटरची टेप होती, मोजणीच्या नकाशाची प्रत होती आणि बाळाशी बोलायची सतरा वाक्यं त्याने मनात घोटली होती. सकाळी दहाच्या सुमारास तो एसटीतून उतरला आणि थिजला. गडगा पुरा झाला होता. छातीभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे फट नाही. पुंडलिकमधल्या कारागिराला हेही दिसलं की ओळंबा चुकलेला नाही. गडग्यापलीकडे त्याने पाहिलंही नाही. आठ वर्षं, सगळी अक्कल, सगळा चहा, आणि इथे सगळं संपलेलं.

पायवाटेने वळसा घालून तो आत आला. गडग्यामागे त्याची जमीन होती आणि जमिनीवर घर होतं. सगळं नाही, जोतं झालं होतं, भिंती खिडक्यांच्या उंचीला आल्या होत्या. दोन गवंडी काम करत होते. ठकूबाई बादलीने चिऱ्यांवर पाणी मारत होती.

“इलात?” ती म्हणाली.

“ह्या... ह्या कसा?”

“कसा म्हणजे? चिरे हाडलय. पैसे बँकेत होतेच.”

“ट्रक खयसून इलो?”

“पट्ट्यातसून. आणि खयसून येतलो?”

मग तिने पाणी मारता मारता सांगितलं. फोन झाला त्या दिवशी गडगा गुडघाभर होता. ती खुर्ची घेऊन निघालीही. पण तिला वाटलं, आपण बसणार, मग बाळाची बायको बसणार, मग आपण दोघी म्हाताऱ्या होणार. तिने खुर्ची परत ठेवली आणि बाळाकडे जाऊन म्हणाली, पट्टा तुझा, घे. मला फक्त चार दिवस दे. बाळाची पुढची वीस वर्षं कोर्टात जायची मानसिक तयारी झालेली होती. हातात आयता पट्टा पडल्यावर त्याला काय करावं ते सुचेना. गडग्याचे चार दगड त्याने स्वतः बाजूला केले, आपले गडी चिरे उतरवायला दिले, आणि ट्रक मागे घेताना “येंव दी, येंव दी, डावीकडे” असं ओरडत रस्त्यात तोच उभा होता. चार दिवसांत सगळे चिरे, वाळू, सिमेंट आत. पाचव्या दिवशी त्याने गडगा पुरा केला.

“पट्टो दिलंस?” पुंडलिकचा आवाज चढला. “आजोबांचो पट्टो? माका न इचारता?”

“इचारलंय मा पत्रात. तुमी खुर्ची सांगलात.”

गवंडी हातातलं काम अधिक मन लावून करू लागले.

“तीन पिढये...”

“तीन पिढये पट्ट्यात कोण रवलो?” ठकूबाईने बादली खाली ठेवली. “सांगा. माका वाट राखूची नाय होती. माका घर होया होता. नव वर्सां मी पडवीत आसय.”

सतराही वाक्यं पुंडलिकच्या तोंडाशी येऊन परत गेली. तिचं खरं होतं, आणि ते आपल्याला वाळवंटात आठ हिवाळे बसून सुचलं नाही याचा त्याला राग आला होता. पण राग कोणावर काढायचा हे ठरेना, म्हणून तो सुताराच्या नजरेने चौकटी बघत हिंडू लागला. पुढच्या खोलीत त्याला सापडली चूक.

“ही खिडकी खयल्या शास्त्रात बसता? समोर नुसतो गडगो. ना वारो, ना उजेड.”

“गडग्याभायर रस्तो आसा.”

“मगे?”

“एसटीतसून कोण उतारला की गडग्यावरसून डोका दिसता,” ठकूबाई म्हणाली. “म्हणान थयसर घालूक सांगलय. नव वर्सां पडवीतसून काय एक दिसा नाय. आज तुमचा दिसला, तेवाच चाय ठेवलय.”

पुंडलिक बाहेर पडला, पायवाटेने वळसा घालून परत रस्त्यावर गेला आणि गडग्यापलीकडे ताठ उभा राहिला.

“दिसता काय गो?” त्याने हाक मारली.

“दिसता,” खिडकीतून ठकूबाई म्हणाली. “आता येवा. चाय थंड जाता.”