घटापुढची केळी

परळच्या एका हॉस्पिटलात मी डॉक्टर आहे, त्यामुळे लालबागच्या चाळीत मावशीच्या मजल्यावर माझा फुकटचा दरारा. त्या नवरात्रात तो मावशीच्याच जिवावर उठला.

मावशीला मधुमेह. उपास मात्र कडक, पाणी नि घोटभर दूध. "खातच नाही तर इन्सुलिन कशाला टोचू?" म्हणून तिने ते बंद केलं. साखर लघवीवाटे बाहेर काढणारी नवी गोळी तेवढी चालू. मी गेलो तेव्हा ती उलट्या करून गळून पडली होती आणि छाती भात्यासारखी चालत होती.

"पित्त झालंय रे," ती म्हणाली.

मी यंत्रावर साखर पाहिली. जरा चढी, पण घाबरण्यासारखी नाही. "पित्तच," मी निकाल दिला. तिच्या तोंडाला पिकल्या फळांचा वास येत होता. "मावशी, घटापुढची केळी चोरून खाल्लीस ना?"

"मेल्या, शिवलेसुद्धा नाही!"

मी हसलो. हसतहसतच तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसं स्वच्छ होती. मग एवढा श्वास कशाला लागतोय?

टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. रक्तातल्या सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की साधारण दहा-बारा उरतात. ही आपण न मोजलेल्या घटकांची जागा, अनायन गॅप. जुलाबाने रक्त आम्लधर्मी झालं तर ती सहसा वाढत नाही. मावशीची सत्तावीस आली. म्हणजे न मोजलेलं कुठलंतरी आम्ल आत दडून बसलं होतं आणि त्याची भरपाई करायलाच श्वास धापत होता. पुढच्या तपासणीत सापडलं: कीटोन, इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून साचणारं. फळांचा वास त्याचाच. गोळीने साखर चढू दिली नव्हती आणि मी त्या आकड्यावर विसंबून विनोद करत होतो.

सलाईनमधून इन्सुलिन सुरू केलं आणि त्याने साखर फार उतरू नये म्हणून सोबत साखरही.

"साखर? म्हणजे उपास मोडला की रे."

"मी मोडला. देवीला माझं नाव सांग."

संध्याकाळी तिचा श्वास संथ झाला. मावशीची सून म्हणाली, "बरं वाटतंय वाटतं त्यांना." मला एवढ्यावर विश्वास नव्हता. आम्ल उतरलं की श्वास मंदावतो आणि माणूस दमून हरला तरी मंदावतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पुन्हा रक्त पाठवलं आणि तिच्या तोंडाशी नाक नेऊन बसलो.

"काय हुंगतोयस?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"केळी."

वजाबाकी अठरा आली. उतरत होती. पण वास अजून होता. मी खुर्ची आणखी जवळ ओढली.