ठिणगीमामांच्या पोरीचा तारा

फाउंड्रीत त्यांना सगळे ठिणगीमामा म्हणत. लोखंडाचा तुकडा फिरत्या चाकाला टेकवायचा आणि ठिणग्या बघून माल कोणता ते सांगायचं, उभा जन्म हेच केलं. धूळही तिथलीच ओढली. आता तिनं फुफ्फुसात बस्तान बसवलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

पोरगी त्या ठिणग्या बघतच वाढली आणि पुढं ताऱ्यांच्या उजेडावरून त्यांच्यातलं लोखंड ओळखायला लागली. घरचाच धंदा म्हणायचा! तिचं सगळं लक्ष आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या एका बुटक्या दीर्घिकेवर. बिचारीचं नशीबच फुटकं. पहिलेवहिले तारे फुटले, त्यांनी होता नव्हता तो वायू बाहेर उधळला आणि नवे तारे जन्मायचेच थांबले. लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार होतं, पिढीगणिक वाढतं. इथं पिढ्याच झाल्या नाहीत. तिथं तिला एक तारा सापडला, ज्यात लोखंड जवळजवळ नव्हतंच.

तारा खरंच तिथला, की वाटेत मध्ये आलेला आपल्याकडचा, हे त्याच्या वेगावरून ठरतं. वेग त्या दीर्घिकेच्या वेगाशी जुळला. काही महिन्यांनी तो पुन्हा मोजायला हवा होता. पण बाबांकडे तेवढे महिने नव्हते, आणि त्यांनी हा शोध डोळ्यांनी बघावा, याचा तिनं ध्यासच घेतला होता. केली घाई. शोधनिबंध छापून आला. मामांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तो उशाशी. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना तर पोरीचा तारा ऐकून ऐकून पाठ झाला.

मग दुसरं मोजमाप आलं. वेग बदललेला! तारा एकटा नव्हताच, जोडीदाराभोवती गरगरत होता. पहिल्या वेळी त्याचा वेग योगायोगानं जुळला, इतकंच. तारा आपल्याकडचाच, वाटेतला. आता बोला. निबंधाचा पायाच गेला.

बाबांना कळू द्यायचं नाही, असं ठरवूनच ती दवाखान्यात गेली. त्यांनी ताऱ्याची खुशाली विचारली. ती म्हणाली, छान आहे, आणि कान चोळायला लागली. लहानपणापासून खोटं बोलताना तिचा हात कानाकडेच जायचा. मामांनी त्या हाताकडे बघितलं. मग तिनं सगळं सांगून टाकलं. निबंध मागं घेणार, पण सावकाश, नंतर.

नंतर म्हणजे कधी, ते मामांना बरोबर कळलं.

"मी असताना कर," ते म्हणाले.

तिनं तिथंच स्टुलावर बसून फोनवर निबंध मागं घेत असल्याचा मजकूर लिहिला. डोळे भरून येत होते, अक्षरं चुकत होती. शेवटी पाठवून दिला. मामांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि मास्तरांकडे मान वळवली.

"मास्तर, तो तारा तिथला नव्हता." मग धाप लागली. बराच वेळ गेला. "पोरीनं परत बघितलं."

ती घाईघाईनं मास्क लावायला उठली, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"परत बघितलं तिनं," ते म्हणाले, पहिल्याइतक्याच तोऱ्यात.

त्यानंतर मास्क पुन्हा काढता आला नाही.