वखारीतलं स्टूल

सुविधा बेळगावच्या एका कॉलेजात संशोधन सहायक आहे. दिवसभर ती नेमकं करते काय, हे निपाणीतल्या तिच्या गल्लीला अजून उमगलेलं नाही. एका प्रश्नावर जगात जे जे लिहिलं गेलंय ते गोळा करायचं, निवडायचं, आणि काय ठाऊक आहे नि काय नाही ते मांडायचं, असं ती समजावते. त्याला स्कोपिंग रिव्ह्यू म्हणतात. यंदाचा प्रश्न होता अपंग कष्टकरी बायकांच्या आरोग्याचा. आईनं जन्मभर तंबाखू निवडली, लेक कागद निवडते, असं तिचा सहकारी दीपंकर चिडवायचा.

तिच्या आईचा, शेवंताबाईचा, डावा पाय पोलिओनं गेलेला. गुडघ्यावर हात टेकवत ती वखारीत जायची आणि जमिनीवर बसून दिवसभर तंबाखूतल्या काड्या वेचायची. तो पाय धड दुमडायचा नाही, धड पसरायला जागा नसायची. सुविधा तान्ही असताना कुठल्याशा कॉलेजची माणसं वखारीत आली. तुम्हाला काय पाहिजे, असं त्यांनी आईला विचारलं, वहीत लिहून घेतलं, आणि पुस्तक छापून पाठवतो म्हणाली. आईला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यानंतर पोस्टमन दारावरून गेला, की ती हमखास म्हणायची, "म्या सांगिटलंय त्यास्नी, बसाय उंच स्टूल पायजे म्हणून. पुस्तक येऊ दे गं, मुकादमाला दाखवते."

पुस्तक काही आलं नाही. पंचवीस वर्षं वाट बघून चार वर्षांपूर्वी आईच गेली.

सुविधानं हे काम धरलं ते त्या पुस्तकापायी. हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. हजारो शीर्षकं चाळताना तिचे डोळे एकच गाव शोधायचे, आणि ते सापडलं नाही की तिला आईची फार आठवण यायची.

आणि गाव सापडलं ते कुठं? तर तिनंच बाद केलेल्या यादीत. कामाच्या सुरुवातीला व्याप कमी व्हावा म्हणून तिनं नियम घातला होता, की फक्त इंग्रजीतलंच घ्यायचं. कॉलेजच्या माणसांचं पुस्तक इंग्रजीतच असणार, असं ती धरून चालली होती. बोर्डावर कुठली भाषा असावी यावरून जिथं बंद पुकारतात, त्या मुलखातली ही पोरगी. तिनं मराठी-कन्नडची एकशेसाठ शीर्षकं न वाचताच, भाषेचा रकाना बघून, एका फटक्यात वगळली होती. वगळलेलं दुसऱ्यानं तपासायचं असतं, म्हणून दीपंकर ती यादी बघत होता. बघता बघता तो थांबला.

"सुविधा, ह्ये तुमच्या निपाणीचं हाय की."

वखारींतल्या अपंग स्त्रियांची पाहणी होती ती. झेरॉक्स यायला आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. अहवालात नावं नव्हतीच. क्रमांक सतरा: वय बत्तीस, डावा पाय पोलिओनं अधू, अकरा महिन्यांची मुलगी सोबत. मागणी: बसायला उंच स्टूल. सुविधानं त्या ओळीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

या कामाच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडम. तिनं त्यांना सगळं खरं सांगितलं आणि नियम बदलूया म्हणाली. मॅडमनी ऐकून घेतलं. नियम बदलता येतो, फक्त केव्हा आणि का ते लिहावं लागतं, असं त्या म्हणाल्या. पण आईच्या कागदाचा निवाडा लेकीनं करायचा नाही, तो त्या आणि दीपंकर वेगवेगळा करतील. एकशेसाठ शीर्षकं पुन्हा वाचली गेली. नऊ आत आली, आणि त्यांत निपाणी होतं.

तक्ता भरायचं काम मात्र मॅडमनी सुविधालाच दिलं. ठिकाण, निपाणी. मागणी, स्टूल. शेवटचा रकाना होता, मागणी पुरी झाली का.

सुविधाला उत्तर पाठ होतं. आई शेवटच्या दिवसापर्यंत पोत्याच्या घडीवर बसली, आणि संध्याकाळी तो पाय सुविधाच तेलानं चोळायची. पण कागदात नाही ते लिहायचं नाही, हाही नियम तिचाच, आणि तो बदलता येणारा नव्हता.

तिनं "नोंद नाही" असं लिहिलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांदेखत रडू लागली.