व्याह्यांचे सुरय

तापीच्या दोन्ही काठांवर आमच्या व्याह्यांइतका सौद्याची मजा घालवणारा माणूस दुसरा नाही, हे मी कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. मी केळीच्या व्यापारात हमालीपासून वर आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला शहाद्याकडच्या त्यांच्या गावी गेलो, तेव्हा मानपान, वऱ्हाड, जेवणावळ अशा एकेका मुद्द्यावर भांडायची तयारी करून गेलो होतो. हे गृहस्थ प्रत्येक गोष्टीला "चाली, चाली" म्हणत माझ्या खांद्यावरून नदीकडे बघत राहिले. शेवटी एकच अट घातली. "याही, डीजे नको. वाळूवर पोरं शेतस." पोरं म्हणजे सुरय पक्ष्यांची पिल्लं! मी तावातावाने उठलो, पण माझ्याच मुलीने हसून मान डोलावली. तिची वरात मयताला निघाल्यासारखी गुपचूप निघाली. तो राग मी अजून सोडलेला नाही.

सुरय म्हणजे करड्या पाठीचा, काळी टोपी घातल्यासारखा दिसणारा, पिवळ्या चोचीचा पक्षी. उन्हाळ्यात नदी आटली की मधल्या वाळूच्या बेटावर तो अंडी घालतो, आणि व्याही राखणीला काठावरच्या बाभळीखाली खाट टाकतात. बेटावर कुत्रं गेलं की हे पाण्यातून त्याच्यामागे. पिल्लांच्या आयांना कुत्रं काय आणि व्याही काय, सारखेच. त्या वरून सूर मारून टाळूवर चोच हाणतात, म्हणून हे डोक्यावर घमेलं घालून धावतात. एकदा पाहुणे मंडळी त्यांच्या दुसऱ्या मुलाला बघायला आली, ती हे घमेलं पाहून चहा न घेताच परतली. विहीणबाई मला म्हणाल्या, "पोटना पोर कव्हय चालाले लागना, हाई यास्ले ठाऊक नही. सुरयना पिल्लाले पख कव्हय फुटना, ते इचारा!"

यंदा मुलीला भेटायला गेलो तर घर सुनं. सगळे नदीवर. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप गावात आला होता आणि बेट कडेकडेने बुडत होतं. बाकीची पिल्लं उडून गेलेली. एक उशिराचं राहिलं होतं. पाठीवर नवी तपकिरी पिसं, पण मानेला अजून बाळपणीचा कापूस चिकटलेला. पंख झाडायचं, वीतभर उडी मारायचं, तोंडावर पडायचं.

"होडी काढा, उचलून आणू!" मी ओरडलो.

"होडी दिखनी का ते पानीमा पळी, याही. वरडू नका."

मला गप्प बसवणारा माणूस जिल्ह्यात नाही, पण बसलो. तेवढ्यात पिल्लाची आई मासा घेऊन आली. वाटलं, भरवेल. पण ती पिल्लापासून हातभर दूर, वाऱ्यावर थरथरत थांबली. पिल्लू चोच वासून किंचाळत होतं. ती मासा दाखवायची आणि मागे सरायची. असा कसलेला सौदा मी मार्केटात उभ्या जन्मात पाहिला नव्हता! पाणी पिल्लाच्या पायांना लागलं. व्याह्यांनी माझं मनगट धरलं होतं. ते केव्हा धरलं, ते मला कळलंच नाही.

पिल्लाने पंख झाडले, ते पुढे कोलमडलं, पाण्याला पोट घासलं आणि वर उठलं. वाकडंतिकडं, पण वर.

"उडनं! याही, उडनं!"

मी इतका मोकळा हसलो की मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. लग्नात सगळ्यांची देणीघेणी आटोपल्यावरही माझी छाती इतकी हलकी झाली नव्हती.

थोड्या वेळात बेट दिसेनासं झालं. पक्षी पाण्यावर दोनचार घिरट्या घालून खालच्या अंगाला निघून गेले. लोक पांगले. माझी केळीची गाडी भरून उभी होती, ड्रायव्हरचे फोन येत होते. व्याही खाटेवर बसून त्या गढूळ, सपाट पाण्याकडे बघत होते.

"आते पावसाळाभर काय करानं, याही?"

मी फोन बंद करून खिशात टाकला. त्यांनी खाटेवर जरा सरकून जागा केली, आणि मी बसलो.