रामाकोन्याचं एक घर बाकी

“पहिले बाकी सांगा. झालेलं मंग आयकतो.”

संध्याकाळी पंप धुऊन आम्ही सौंसरच्या कचेरीच्या ओट्यावर बसलो की आमचे सुपरवायझर हे वाक्य म्हणत आणि टाक दौतीत बुडवून वाट पाहत. मलेरियाच्या खात्यात आम्ही गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारत असू. काय काम झालं ते रोजच्या रोज छिंदवाड्याच्या मोठ्या साहेबांना कळवावं लागे. असे अहवाल लिहिणारे तुम्हीही पाहिले असतील. ‘काम समाधानकारक’ एवढं लिहून ते टोपी घालतात आणि घरी जातात. आमचे साहेब तसे नव्हते.

लिहून झालं की ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत. “तुमच्या कामाचं जाऊन राहिलं, तं तुम्हाले माहीत पाहिजे,” म्हणत. भाषा ठरलेली, सरकारी. पण मधूनच काहीतरी खरं निसटून जाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीला त्यांनी लिहिलं होतं, ‘जाम नदीवर गोटमार असल्याने सावरगावात फवारणी बंद. आमच्या एका माणसाच्या कपाळास दगड लागला. तो फक्त पाहण्यास गेला होता, असे तो म्हणतो.’

तो माणूस मीच.

छिंदवाड्याहून शेरा आला, की अहवालात ‘असे तो म्हणतो’ नको. साहेबांनी तो शेरा मलाच वाचून दाखवला. “आता काय लिवू? तूच सांग,” म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

त्याच वर्षी प्रांताची वाटणी ठरली. नागपूर-काटोल तिकडे मराठी मुलखात जाणार, सौंसर-पांढुर्णा इकडे हिंदी मुलखात राहणार. कुठल्या बाजूला नोकरी हवी ते आम्हा लोकांकडून लिहून मागवलं. साहेबांनी काटोल लिहिलं. तिथं त्यांचे वडील एकटे होते, नजर जवळजवळ गेलेली. शेजारीण दोन वेळची भाकर देई. साहेब दर रविवारी मोटारीनं जाऊन त्यांची दाढी करून येत.

मोठ्या साहेबांनी सांगून पाठवलं, “वाटणीआधी सगळा तालुका पूर्ण झाल्याचा अहवाल द्या. तुमच्या अर्जावर शिफारस करतो.”

तालुका झालाच होता. राहिलं होतं ते रामाकोन्याचं एक घर. घरात ओली बाळंतीण, आणि तिची सासू दारातून हलायला तयार नाही. साहेब पुन्हा पुन्हा जाऊन आले. शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो.

“तुम्ही भिंती ओल्या करान, वास सुटन,” म्हातारी म्हणाली. “लेकराले घेऊन सून कुठी बसन? थंडीत बाहीर?”

“नाही माय. बाहीर नका काढू तिले. सव्वा महिना होऊ द्या, मंग येतो.”

“तुमचे मोठे सायेब बोंबलतीन ना.”

“बोंबलतीन तं माह्यावर बोंबलतीन.”

तेव्हा कुठं म्हातारीनं आमच्यासाठी बाज टाकली.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं, ‘रामाकोना येथे एक घर बाकी. घरात बाळंतीण.’ वाचून झाल्यावर मीच म्हणालो, “सायेब, एकच घर हाय. झालं म्हणून लिवून टाका, मांगून आम्ही फवारून देऊ. तुमचे बाबा तिकडे एकटे हायेत.”

“एकच हाय म्हणून तं लिवून राहिलो. आख्खं गाव राह्यलं असतं, तं कोणी इसरलं नसतं.”

ते टीपकागद दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, “बाबाचं मले माहीत हाय रे.”

शिफारस झाली नाही. काटोल तिकडे गेलं, साहेब इकडे राहिले.

सव्वा महिना झाल्यावर ते आमच्याबरोबर रामाकोन्याला आले. आम्ही आत फवारत होतो आणि ते अंगणात उन्हाकडे पाठ करून, म्हातारीचा नातू मांडीवर घेऊन बसले होते. पोरानं त्यांचा खाकी सदरा ओला केला, तरी उठले नाहीत. म्हातारीच ओशाळली.

पुढे त्यांची बदली अमरवाड्याला झाली, काटोलपासून आणखी लांब. तिथं सगळं हिंदीत लिहायचं. “बोलतो मी बराबर,” ते म्हणाले, “पण लिवतानी हात मराठी होऊन जाते.”

जाण्याआधी ते काटोलला जाऊन वडिलांना घेऊन आले. चार दिवस राहायला चला, एवढंच सांगून आणलं असावं. कारण म्हातारबा रोज काठी टेकत ओट्यावर येत आणि घरी कधी जायचं ते आम्हाला विचारत. आम्ही त्यांना चहा देत असू.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे मोटारस्टँडवर गेलो. साहेबांनी वडिलांना हात धरून खिडकीपाशी बसवलं, पायांवर घोंगडी पांघरली.

“काटोल कवा येईन रे?” म्हातारबांनी विचारलं.

साहेबांनी खिडकीतून आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे खाली पाहू लागलो.

“झोपा बाबा,” ते म्हणाले. “आलं का उठवतो.”

गाडी काटोलकडे पाठ करून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागली.