मुसियोचं ऐकणं

मुसियोला रंगमंचावर नुसतं उभं राहता यायचं. मला इतक्या वर्षांत ते जमलेलं नाही, म्हणून मी त्याच्यावर जळायचो.

इथे परदेशात, कॅसल हिलला, आमच्या शेजारी तो आपल्या मुलीकडे राहायला आला. फ्रान्समध्ये उभा जन्म नाटकांत काढलेला नट. सिनेमेही केलेले. "सिनेमात मी नेहमी वेटर. हीरोला कॉफी द्यायची, बाजूला व्हायचं," असं मोडक्या इंग्रजीत सांगायचा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मुक्या नोकराच्या कामाला कुणी मिळेना, तेव्हा मीच त्याला नेलं. पायावर धोंडा मीच पाडून घेतला.

नायक मी, पानंच्या पानं संवाद माझे. तो चहाचा ट्रे घेऊन मागे उभा. प्रयोगानंतर गाडीत बायको म्हणाली, "तू बोलत होतास ना, तेव्हा मुसियो काय सुंदर ऐकत होता रे." माझ्याबद्दल अक्षर नाही.

मी त्याला विचारलं, तू नक्की करतोस तरी काय?

"काही नाही, मेट. तू बोलतोस, मी ऐकतो. तू कुणाचंच ऐकत नाहीस, आपल्या वाक्याची वाट बघतोस. नो वरीज."

पुढच्या वर्षीही त्याला नोकरच मिळाला. एकही तालीम त्याने चुकवली नाही. प्रयोगाला आठवडा असताना मी दिग्दर्शकाच्या कानाला लागलो, "त्याला मराठी येत नाही, घोळ होईल." मुसियोला काढलं. तो एवढंच म्हणाला, "नो वरीज," आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत येऊन बसला.

दुसऱ्या अंकात मी वाक्य विसरलो. विंगेतल्या प्रॉम्प्टरला पान सापडेना. तेवढ्यात पहिल्या रांगेतून माझं अख्खं वाक्य आलं, स्वच्छ मराठीत. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तालमीत ऐकून पाठ झालेलं. टाळ्या पडल्या, त्याही त्यालाच. मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत.

या हिवाळ्यात तो गेला. कुंपणापलीकडून मुलीने सांगितलं आणि मी तिथेच रडलो. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

यंदा मी नोकराचं काम मागून घेतलं. ट्रे धरून, तोंड मिटून उभा राहिलो. घरी येताना बायकोला विचारलं, "जमलं का मुसियोसारखं?"

"उभा छान होतास," ती म्हणाली. "पण हीरोची सगळी वाक्यं तू ओठातल्या ओठात म्हणत होतास."